अलकनंदाबाईंची ब्राह्मी

अलकनंदाबाई जानेवारीत आयर्लंडातल्या मेनूथला आल्या तेव्हा परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. तीन महिने लेकीकडे राहायचं, तिला घरचं खाऊ घालायचं आणि आंब्याच्या दिवसांत संगमेश्वरला परत, इतका साधा बेत. लेक इशिता ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. चौतिशी उलटली तरी तिने लग्न केलं नव्हतं, आणि तो विषय काढायचा नाही हे मायलेकींत न बोलताच ठरून गेलं होतं. बाईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईंची स्वतःची सगळी नोकरी पोस्टात काउंटरवर झाली होती. माणसांच्या रांगेकडे बघत दिवस काढायची सवय. निवृत्तीनंतर गावातलं घर फार शांत वाटायला लागलं, म्हणून तर त्या इतक्या लांब यायला तयार झाल्या.

मार्चच्या मध्यावर आयर्लंडात सगळं बंद झालं. इशिताने काही दिवस विचार केला आणि एका सकाळी बॅग भरली.

"आई, मी रोज कोविड वॉर्डात असणार. तुला डायबिटीस आहे. मी येऊन-जाऊन राहिले तर मला झोप लागायची नाही."

"मग मी काय करू इथे एकटी?"

"सेफ राहा, एवढंच कर. हॉस्पिटलजवळ मला आणि लिजीला फ्लॅट देतायत. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

लिजी म्हणजे तिच्याबरोबरची केरळची डॉक्टर. बाईंनी पिठल्याची पुडी, मेतकूट आणि लोणच्याची बरणी बॅगेत कोंबली. महिन्याभराचा प्रश्न पुढे कितीतरी महिने चालला. बाईंचं एप्रिलचं तिकीट रद्द झालं, व्हिसाची मुदत सरकारने आपणहून वाढवली.

इशिता रविवारी यायची. दाराशी सामान ठेवायची आणि मागे सरून अंगणात उभी राहायची. मग बाई दार उघडून सामान आत घ्यायच्या, डबा बाहेर ठेवायच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहायच्या. काचेच्या आतून एकीने बोलायचं, बाहेरून दुसरीने. मास्कमुळे इशिताचे नुसते डोळे दिसायचे, आणि ते दर आठवड्याला आणखी आत गेलेले वाटायचे. "जेवतेस ना?" "हो." "झोप?" "हो गं." त्यापुढे काय विचारायचं ते बाईंना सुचायचं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की त्या तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, आणि चहा करायचा की नको यावरच बराच वेळ जायचा.

इंग्रजी त्यांना वाचता यायचं. पण इथल्या माणसांचं बोलणं कानावर पडलं की शब्द एकमेकांत गुंतून जायचे. शेजारची बाई कुंपणापलीकडून रोज काहीतरी म्हणायची. त्यातला 'ग्रँड' तेवढा समजायचा. म्हणून बाईही हसून 'ग्रँड' म्हणायच्या. दिवसभरात दुसऱ्या माणसाशी बोललेला तो एकच शब्द, असंही कितीदा झालं.

चालायला मात्र परवानगी होती. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच. वसाहतीच्या मागच्या बाजूला कालवा होता, आणि त्याच्या अलीकडे बिल्डरने पावसाचं पाणी जिरायला केलेलं एक उथळ तळं. तळ्याचं जास्तीचं पाणी पाइपातून एका ओहोळात जायचं आणि ओहोळ पुढे कालव्याच्या बाजूला वळायचा. बाई सकाळी तिथपर्यंत जायच्या, बाकावर बसायच्या, बदकं बघायच्या आणि परत यायच्या. जूनमध्ये एका सकाळी त्यांना तळ्याच्या कडेला पाण्यावर पसरलेली गोल गोल हिरवी पानं दिसली. देठापाशी खाच, कडा कातरलेल्या. बाई बाकावरून उठल्या, चप्पल काढली आणि गवतात गुडघे टेकून त्यांनी एक पान हातात घेतलं.

ब्राह्मी! त्यांना इतका आनंद झाला की त्या मोठ्यानेच बोलल्या, "अगो बाई, तू इथे कशी?"

संगमेश्वरला विहिरीच्या कडेला ब्राह्मी माजायची. बाई दर वर्षी तेल करायच्या. पोस्टातल्या सगळ्या बायकांच्या डोक्याला त्यांचंच तेल. त्यांनी पिशवीभर वेली तोडल्या आणि घरी येऊन मागच्या अंगणात कपडे भिजवायच्या टबात पाणी भरून सोडल्या. पान चघळून बघितलं तर हवा तसा कडवटपणा नव्हता. पाणी वेगळं, माती वेगळी, असं म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

आणि ती काय वाढली! सकाळी पाण्याचा मोकळा तुकडा दिसावा आणि दोन दिवसांनी तिथे पानांवर पानं चढलेली असावीत. प्रत्येक पेरातून पांढऱ्या मुळ्यांचा झुबका पाण्यात लोंबायचा. बाई उठल्या उठल्या आधी टबाकडे जायच्या. त्या घरात त्यांच्याखेरीज जिवंत असं तेवढंच होतं, आणि ते त्यांच्या हातून फोफावत होतं.

इशिताने त्यांना 'किल्डेअर मराठी मंडळी' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं होतं. बाई नुसतं वाचायच्या, कधी लिहायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी टबाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ताजी ब्राह्मी. कोणाला हवी असल्यास घेऊन जावी.' तासाभरात फोन वाजायला लागला. कोणाचे केस लॉकडाउनमध्ये मूठमूठ जात होते, कोणाला आजीच्या तेलाची आठवण आली होती.

जुलै मोकळा होता. देशभर फिरायला मुभा मिळाली होती. लोक यायला लागले. मागच्या अंगणात अंतर राखून खुर्च्या मांडायच्या, कागदी कपात चहा द्यायचा. मेनूथच्या पलीकडच्या वसाहतीतली रुचा बाळाला ढकलगाडीत घेऊन यायची; एकदा आली ती पुन्हा पुन्हा येत राहिली. ब्लँचर्डस्टाउनचा हरीश मोठ्या आयटी कंपनीत होता, गावाकडची बोली ऐकून खूष व्हायचा. "काकू, बोला ना अजून, माझी मावशी आठवते." पश्चिमेकडच्या शॅननहून विद्या आणि तिचा नवरा मोहन कुणाला तरी भेटायला डब्लिनला आले होते, ते वाट वाकडी करून आले. विद्याला जाताना बाईंनी बादलीभर वेल दिली आणि तेल कसं करायचं ते सांगितलं: पानं वाटायची, रस खोबरेलात घालायचा, तडतड थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी जायची. मेनूथ, लेक्सलिप, ब्लँचर्डस्टाउन, शॅनन, कुठे कुठे रोप पोचलं. रविवारी खिडकीत उभ्या राहिलेल्या इशिताला बाई सांगायच्या, "अगो, आज कोण कोण आलं होतं माहितीये?" आणि बऱ्याच दिवसांनी इशिताच्या डोळ्यांत हसू दिसायचं.

ऑगस्टात किल्डेअर काउंटीच्या, म्हणजे मेनूथ ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, वेशी बंद झाल्या. बाहेरच्यांनी यायचं नाही, आतल्यांनी जायचं नाही; घरच्या म्हाताऱ्या माणसांना सामान पोचवणाऱ्यांना तेवढी सूट. येणारी माणसं कमी झाली. त्याच दिवसांत एका दुपारी तनय आला. मेनूथच्या विद्यापीठात तो पाण्यातल्या किड्यांवर पीएचडी करत होता. मूळचा नाशिकचा, शांत, थोडा लाजाळू. त्याला रोप नको होतं, चहाचं आमंत्रण होतं म्हणून आला होता. खुर्चीवर बसायच्या आधीच त्याचं लक्ष टबाकडे गेलं. तो खाली वाकला. एक पान त्याने उलटं केलं, देठ बोटांत धरून वर उचललं, मुळ्या बघितल्या. मग हात पुसत उभा राहिला.

"काकू, ही कुठून आणलीत?"

"मागच्या तळ्यातून. घे ना तुलाही."

"काकू… ही ब्राह्मी नाहीये."

बाई हसल्या. "मी चाळीस वर्षं तेल करते बाळा."

"तुमच्या ब्राह्मीला मी नाही म्हणत नाही. पण ही दुसरी आहे. हिला इथे फ्लोटिंग पेनीवर्ट म्हणतात. बाहेरची आहे, आणि इथे ही लावायला, द्यायला, सोडायला कायद्याने बंदी आहे. एक पेर तुटून वाहत गेलं तरी पुढे नवी वेल होते. सगळं पाणी झाकते ती. खाली उजेड नाही, हवा नाही. मासे मरतात, कालवे तुंबतात. आपल्याकडे नद्यांवर जलपर्णी बघितलीय ना तुम्ही? तसंच."

"कोणी सांगितलं तुला? पुस्तकात वाचलंस?" बाईंचा आवाज चढला. चहाचा कप त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. तनयने वाद घातला नाही. चहा संपवला आणि जाताना एवढंच म्हणाला, "खात्री करून बघा. आणि तोवर कोणाला देऊ नका, प्लीज. तळ्याचं मला इथल्या कौन्सिलला, पालिकेला कळवावं लागेल."

तो गेल्यावर बाईंनी रागाने टबाकडे पाठ केली. मग संध्याकाळच्या आत त्यांनी संगमेश्वरला फोन लावला. धाकटी जाऊ कुमुद कंदील घेऊन गोठ्याकडे निघाली होती.

"कुमुद, विहिरीवर जा आणि मला ब्राह्मी दाखव. व्हिडिओवर."

"आत्ता? काळोख झालाय वैनी."

"जा गो. नडलंय माझं."

कुमुद कुरकुरत गेली. फोनच्या पडद्यावर कंदिलाचा उजेड हलला, ओल्या दगडांवरून गेला, आणि मग तिने मुठीत धरलेली पानं कॅमेऱ्यासमोर आणली. बाईंनी आपल्या हातातलं पान त्याच्या शेजारी धरलं. कुमुदच्या पानाला देठापाशी एकच खाच होती. बाकी सगळा गोल सलग, कडेला बारीक दंतुर नक्षी. बाईंच्या हातातल्या पानाला मात्र चहूबाजूंनी खोल चिरा होत्या, हाताची बोटं अर्धवट उघडावीत तशा. कुमुदची वेल मातीला चिकटून सरपटणारी, देठ तांबूस आणि दोऱ्यासारखे. यांच्या हातातला देठ जाड, रसाळ, पाण्यावर तरंगणारा. इतकी वर्षं हाताने खुडलेली पानं, आणि डोळ्यांनी फसवलं ते फसवलंच. बघायचं होतं तेच त्यांनी बघितलं होतं.

"वैनी? दिसली ना?"

"दिसली," बाई म्हणाल्या. "जा तू घरात. पाय जपून टाक."

त्या रविवारी काचेपलीकडच्या इशिताला त्यांनी सगळं सांगितलं. इशिता आधी दमलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तुला कोण काय करणार आहे? माहीत नव्हतं तुला." मग विचारलं, "किती जणांना दिलीस?"

बाईंनी घरं आठवून आठवून सांगितली. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळत गेलं की जी जी माणसं त्या उन्हाळ्यात त्यांच्याशी चार शब्द बोलली होती, त्या प्रत्येकाच्या घरी ती वेल होती. आता त्या प्रत्येकाला फोन करून दिलेली वस्तू परत मागायची. परतही नव्हे, मारून टाका म्हणून सांगायचं.

तनयने नंतर फोनवर पद्धत समजावली होती. पाण्यात काही टाकायचं नाही, मोरीत ओतायचं नाही. वेल बाहेर काढून, पाण्यापासून लांब, काळ्या प्लॅस्टिकखाली पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. टबातलं पाणीसुद्धा गाळून, गवतावर. बाईंनी आधी स्वतःचा टब रिकामा केला. वेलीचा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात टाकून वर काळं प्लॅस्टिक पसरलं, कडेने दगड ठेवले. मग फोन घेऊन बसल्या.

रुचा म्हणाली, "काकू, माझी तर वाळूनच गेली, मी बाळाच्या नादात पाणीच घातलं नाही. सॉरी हं." बाई म्हणाल्या, "सॉरी कसलं, देव पावला." हरीशच्या बाल्कनीत तीन बादल्या भरून झाली होती, तो आधी हसला, मग खरंच सांगतायत हे कळल्यावर म्हणाला, "काकू, आजच काढतो. पण तेल मस्त होतं हो." लेक्सलिपच्या एकाने मात्र कडक आवाजात विचारलं, "म्हणजे आम्ही बेकायदेशीर काहीतरी केलं? आमची सिटिझनशिपची फाइल चालू आहे काकू." बाईंनी त्याची माफी मागितली. त्याने फोटो काढून वेल वाळवल्याचा पुरावा पाठवला, आणि त्यानंतर त्याच्याकडून कधी काही आलं नाही.

विद्या फोनवर पटकन म्हणाली, "हो हो काकू, काढते. आहे इथेच." आणि फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. ती रडत होती.

"काकू, मी खोटं बोलले. बादलीत मावेना म्हणून मोहनने ती घरामागच्या ओढ्यात सोडली. मीच म्हटलं, वाहत्या पाण्यात छान वाढेल. आत्ता जाऊन बघितलं तर… काकू, खूप वाढलीय हो."

बाईंनी विचारलं, "कोण ओरडलं का तुला?"

"नाही."

"मग रडू नकोस. मी येते."

बाईंनी इशिताकडून शॅननच्या कौन्सिलला फोन करवला. किल्डेअरच्या वेशी सप्टेंबर उजाडताना उघडल्या. इशिताला त्या आठवड्यात सुट्टीचा एक दिवस होता. झोपायला राखून ठेवलेला दिवस. "तिथली कौन्सिलची माणसं येणारच आहेत आई. तू कशाला?" तिने विचारलं.

"मी दिली ना ती."

इशिताने गाडी काढली. बाई मागच्या सीटवर कोपऱ्यात बसल्या, दोघींनी मास्क लावले, सगळ्या खिडक्या खाली. पश्चिमेकडचा रस्ता, हवेचा घोंघाट. मार्चनंतर पहिल्यांदा मायलेकींच्या मध्ये काच नव्हती. निम्मा रस्ता मागे पडला. मग इशिता रस्त्यावरची नजर न काढता सांगायला लागली.

"एप्रिलमध्ये एक आजोबा होते. त्यांच्या बायकोला आत सोडता येत नव्हतं. मी त्यांच्या कानाशी फोन धरून उभी राहिले. ती तिकडून त्यांना नुसती त्यांच्या गायींची नावं सांगत होती. एकेक नाव. मला काही समजत नव्हतं, पण फोन खाली करवेना. हात भरून आला तरी."

बाईंचा हात पुढच्या सीटकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो तसाच पुढे नेऊन लेकीच्या खांद्यावर ठेवला. इशिताने नको म्हटलं नाही. इतके महिने त्यांना वाटत होतं की रिकाम्या घरात आपणच तेवढ्या बसलोय. लेक माणसांनी भरलेल्या वॉर्डातून रोज कुठल्या घरी परत जात होती, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शॅननला विद्याच्या घरामागे अरुंद ओढा होता, शेताच्या कडेने खाडीकडे जाणारा. काउंटी कौन्सिलची ग्रॉनिया नावाची बाई आधीच आली होती. कमरेपर्यंत रबरी पँट, केस डोक्यावर बांधलेले, आवाज मोठा आणि मोकळा. तिने ओढ्याच्या खालच्या अंगाला बारीक जाळी आडवी लावली होती, तुटलेले तुकडे पुढे जाऊ नयेत म्हणून. इशिताने आईची ओळख करून दिली आणि काय झालं ते सांगितलं. बाई खाली बघत उभ्या होत्या. ग्रॉनिया ऐकून म्हणाली, तुम्ही फोन केलात म्हणून आम्हांला कळलं. लोक गप्प बसतात आणि दोन वर्षांनी आम्ही जेसीबी घेऊन येतो. मग हातमोजे पुढे करत म्हणाली, "यू आर ग्रँड, मिसेस." तो शब्द बाईंना समजला.

ग्रॉनिया आणि मोहन पाण्यात उतरले. ओढून काढायचं नाही, मुळापासून हळूहळू गुंडाळत उचलायचं, असं तिने दाखवलं. तरी तुकडे सुटायचेच. ते जाळीपाशी येऊन अडकायचे, इतके बारीक की मोज्यातून निसटायचे. बाईंनी विद्याला हाक मारली, "चहाची गाळणी आण गो. मोठी असेल ती." आणि काठावर बसकण मारून त्या गाळणीने एकेक तुकडा उचलत राहिल्या. विद्या शेजारी अंतर राखून बसली, दुसरी गाळणी घेऊन. पाऊस भुरभुरत होता. पोत्यांवर पोती भरत गेली. दुपार कलली तेव्हा ओढ्याचं पाणी पुन्हा काळं आणि मोकळं दिसत होतं. ग्रॉनिया म्हणाली, पुढच्या वर्षीसुद्धा बघत राहावं लागेल. एवढ्याशा तुकड्याला एवढंच पुरतं, आणि तिने करंगळीचं नख दाखवलं.

मेनूथच्या तळ्यावरही काम झालं. तिथे ती वेल बाईंच्या आधीपासून होती. कोणीतरी घरातला माशांचा टँक तिथे रिकामा केला असावा, असा तनयचा अंदाज. तळं उपसून साफ केलं, पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली, काठाला पाटी लावली. कोणी बाईंना दोष दिला नाही. पण आता मागच्या अंगणात कोणी येईना. आधी निमित्त होतं. आता निमित्त राहिलं नाही, आणि ऑक्टोबरात पुन्हा कडक निर्बंध आले. दिवाळीला मंडळींनी झूमवर फराळ ठेवला. हरीशने सगळ्यांसमोर विचारलं, "काय ब्राह्मीकाकू, यंदा कोणतं रोप वाटताय?" सगळे हसले. बाईही हसल्या. मग गॅसवर चकल्या आहेत असं सांगून त्यांनी कॅमेरा बंद केला. गॅसवर काही नव्हतं.

इशिता सप्टेंबरात काही आठवडे घरी राहून गेली होती, डिसेंबरात पुन्हा आली होती. नाताळानंतर रुग्ण इतके वाढले की ती पुन्हा लिजीबरोबर राहायला गेली. पुन्हा रविवार, पुन्हा खिडकी. जानेवारी-फेब्रुवारीत दिवस उगवायच्या आधीच मावळल्यासारखा वाटायचा. बाईंना घरी जाता आलं असतं. मधूनमधून विमानं जात होती. पण लेकीला त्या काळात सोडून जायला मन घेईना, आणि राहूनही तिच्यासाठी डब्याखेरीज काही करता येत नव्हतं. त्या रोज तळ्यावर जायच्या. हातात काठी, पायात इशिताचे रबरी बूट. काठाकाठाने गवत बाजूला सारून बघायच्या, पाइपाच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा उलटा-पालटा करायच्या. सांगितलं कोणी नव्हतं. त्या वेळात निदान बोलायला कोणी नाही हे जाणवायचं नाही.

एप्रिलमध्ये काठच्या लव्हाळ्याच्या बुडाशी त्यांना एक पान दिसलं. चहूबाजूंनी चिरलेलं. त्या तिथेच बसल्या, फोटो काढला आणि तनयला पाठवला. त्याचं मेनूथचं काम संपून तो दुसऱ्या गावी गेला होता. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'हो काकू, तीच. कौन्सिलला कळवतो.' कौन्सिलचा माणूस यायचा त्या दिवशी बाईंनी चांगली साडी नेसली, वर स्वेटर घातला आणि थर्मासमध्ये चहा भरला. कोणीतरी येणार म्हणून आपल्याला बरं वाटतंय, वेल परत आली म्हणून बरं वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. माणूस भला होता. त्याने पान मुळासकट काढलं, आजूबाजूचा चिखलही पोत्यात भरला, चहा प्याला. जाताना काहीतरी लांबलचक बोलला. बाईंना त्यातलं निम्मं समजलं आणि तेवढं त्यांना दोन-तीन दिवस पुरलं.

मे महिन्यात तिकडची दुसरी लाट. संगमेश्वरच्या बातम्या यायच्या, रोज एखादं ओळखीचं नाव. कुमुद आठवडाभर तापात होती, मग सावरली. बाई त्या दिवसांत फोन उशाशी घेऊन बसायच्या. तळ्यावर मात्र गेल्याच. इशिता जूनमध्ये कायमची घरी आली. दोघींना लशी मिळाल्या होत्या. पहिल्या दिवशी ती सोफ्यावर झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, आणि बाई तिच्या पायाशी बसून राहिल्या.

ऑक्टोबरचं तिकीट काढलं. त्याआधी शॅननहून विद्याचा निरोप आला: ग्रॉनिया येऊन गेली, ओढा स्वच्छ आहे. इथल्या तळ्यातही एप्रिलनंतर काही उगवलं नव्हतं, पण आणखी एक उन्हाळा बघायला हवा होता. बाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'मी जात आहे. मागच्या तळ्यावर अधूनमधून कोणी नजर ठेवेल का?' दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी रुचाने अंगठ्याचं चित्र पाठवलं; घर बदलून ती आता दूर कॉर्कला राहत होती.

"मी बघेन," इशिता म्हणाली.

"तुला वेळ कुठाय?"

"रविवारी असतो. आई, रविवारी मी नाहीतरी काय करते?"

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला तळ्यावर नेलं. कुठे वाकून बघायचं, लव्हाळ्याच्या बुडाशी हात कसा घालायचा, जाळीतला कचरा कुठल्या बाजूला टाकायचा ते दाखवलं. इशिताला सगळीच पानं सारखी दिसत होती. बाईंनी तिच्या तळहातावर बोटाने पान काढून दाखवलं: इथे खाच, आणि मग इथे, इथे, इथे चिरा. इशिताने हात मागे घेतला नाही. दोघी बाकावर बसल्या. काठच्या पाटीवरचं चित्र उन्हाने फिकट झालं होतं. बदकं पलीकडच्या बाजूला होती.

"पुढच्या वर्षी येशील?" इशिताने विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू ये. चार दिवस तरी."

त्या गेल्या. इशिता रविवारी तळ्यावर जाते आणि पाण्याचा फोटो पाठवते. फोटोत बहुतेक वेळा काही नसतं: काळं पाणी, थोडं आभाळ, कधी तिच्या बुटाचं टोक. संगमेश्वरच्या ओटीवर बसून अलकनंदाबाई चष्मा लावतात, फोटो मोठा करून कडेकडेने नीट बघतात, आणि लिहितात, 'काही नाही. जेवलीस का?'